सहाशे किलोंच्या आत

फोरमनने आयुष्यभर दुसऱ्यांची विमानं दुरुस्त केली. फ्लाइंग क्लबच्या वर्कशॉपमध्ये त्याला एकतीस वर्षं झाली होती आणि सगळे त्याला फोरमन म्हणूनच ओळखत. चोपन्नाव्या वर्षी त्याचे गुडघे कुरकुरायला लागले होते. विमानाच्या पोटाखाली पाठीवर सरकत जायचं म्हणजे आधी मिनिटभर उभं राहून मनाची तयारी करावी लागे. बाहेर येताना कुणीतरी हात द्यावा असं वाटे, आणि हात मागायची लाजही वाटे.

हँगरच्या मागच्या कोपऱ्यात त्याचं स्वतःचं विमान सात वर्षं आकार घेत होतं. दोन जणांचं, हलकं. सुट्या भागांच्या पेट्या मागवायच्या आणि आपणच जोडायचं, अशा जातीचं. त्याची बायको शाळेत गणित शिकवायची. तिने आपल्या सुट्ट्या या विमानात घातल्या होत्या. तो आतून लोखंडी ठोकळा दाबून धरी, ती बाहेरून पत्रे जोडणारे रिव्हेट मारी. तिचा हात आपल्यापेक्षा सरळ आहे हे कबूल करायला त्याला तीन वर्षं लागली.

आता पंख झाले होते, शेपटी झाली होती, काच बसली होती. फक्त नाक नव्हतं. इंजिनाविना विमान मागे कलंडू नये म्हणून पुढे वाळूची दोन पोती बांधून ठेवली होती. क्लबातले लोक जाता-येता विचारत, "काय फोरमन, पोत्यांवर किती वेगाने जाईल?" तो हसून सोडून द्यायचा. हसायचाही कधीकधी कंटाळा यायचा.

इंजिन कोणतं घ्यायचं, इथे गाडं अडलं होतं. कारखान्याचं पत्र येऊन पडलं होतं: महिनाअखेरपर्यंत कळवा. साधं हवं की टर्बो, त्यावर इंजिन धरणारा सांगाडा वेगळा, नाकावरचं आवरण वेगळं, सगळंच वेगळं. एकदा कळवलं की बदल नाही.

फोरमनला टर्बो हवं होतं, आणि त्याला कारण होतं.

त्याची आई डोंगरापलीकडच्या गावात राहायची, त्याच्या धाकट्या बहिणीकडे. बहिणीला घरात चिमी म्हणत. पन्नाशीला आली तरी नाव तेच राहिलं होतं. नवऱ्यापासून ती कधीच वेगळी झाली होती, मुलगी शिकायला दूर होती, आणि चार वर्षांपासून आईची आठवण विरत चालली होती. फोरमन दर दुसऱ्या शनिवारी गाडी घेऊन निघायचा. जायला सात तास, वळणावळणाचा घाट, वरती दाट धुकं. संध्याकाळी पोचायचं, रविवारी सकाळी आईजवळ बसायचं, जेवून परत निघायचं. सोमवारी तो कामावर यायचा तेव्हा त्याचे डोळे लाल असत आणि उजवा खांदा आखडलेला असे. तेच अंतर हवेतून सरळ गेलं तर पन्नास मिनिटांचं होतं.

पण मधे डोंगर होता, साडेदहा हजार फुटांचा. तो सुरक्षित ओलांडायचा तर बारा हजारांवर जायला हवं, आणि तिथली हवा विरळ. साध्या इंजिनाला तिथे दम लागतो. खालच्या ताकदीतला तिसरा हिस्सा वरती हरवतो, आणि दुपारची गरम हवा असेल तर विचारायलाच नको. टर्बो म्हणजे धुराच्या झोतावर फिरणारं एक छोटं चाक. ते बाहेरची विरळ हवा दाबून दाबून इंजिनाच्या छातीत भरतं. वर गेलं तरी इंजिनाला वाटतं आपण खालीच आहोत.

डोंगराला वळसा घालून उत्तरेच्या खिंडीतून जायचा मार्ग होता, पण तो अडीच तासांचा. आईच्या गावाजवळ एक जुनी धावपट्टी होती, पण तिथे इंधन मिळत नव्हतं. जाऊन-येऊन पाच तास एका टाकीत होणं शक्यच नव्हतं. म्हणजे टर्बोच. फोरमनने मनाशी पक्कं केलं होतं. बायकोला अजून सांगितलं नव्हतं एवढंच.

कळवण्याआधी एकदा अनुभव घ्यावा म्हणून तो क्लबातल्या दातांच्या डॉक्टरकडे गेला. त्याच्याकडे तसंच विमान होतं, टर्बोवालं, आणि ते फोरमनच्याच हाताखालून जायचं.

"चल की," डॉक्टर म्हणाला. "उद्या सकाळी दवाखाना बंद आहे. टाकी अर्धीच ठेवू, म्हणजे दोघं बसू."

हे वाक्य फोरमनने ऐकलं. त्याचा अर्थ त्याला समजत होता. तरी त्याने ते कानाआड केलं.

सकाळी सात वाजता ते उडाले. विमान असं वर चढलं की फोरमनने नकळत सीटची कड धरली. क्लबची म्हातारी विमानं नऊ हजारांवर धापा टाकायची. हे मात्र बारा हजारांवरही जिना चढावं तसं चढत होतं. डोंगराची धार पंखाखाली आली. पलीकडे दरी उघडली, तिच्यात नदीचा चकाकता पट्टा, आणि पट्ट्याच्या वळणावर पांढुरकं गाव. आईचं गाव. फोरमनने घड्याळ पाहिलं. निघून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. गाडीने निघाला असता तर तो अजून पहिल्या पेट्रोलपंपावर रांगेत असता.

"दिसलं?" डॉक्टरने विचारलं.

"दिसलं," तो म्हणाला.

खाली उतरल्यावर डॉक्टरने इंजिन लगेच बंद केलं नाही. मंद चालू ठेवून दोघं बसून राहिले.

"दोन-तीन मिनिटं निववावं लागतं," डॉक्टर म्हणाला. "नाहीतर आत तेल करपतं. तुला मी काय सांगणार म्हणा. बाळंतिणीसारखं जपावं लागतं याला. पण वर गेलं की सगळं विसरतो माणूस."

"बायको येते का कधी?"

"टाकी भरून लांब जायचं तर नाही येता येत. मी जाड, ती जाड, इंजिन जाड." डॉक्टर स्वतःच्या पोटावर थापटत हसला. "सुरुवातीला रागवायची. आता विचारतही नाही."

त्या संध्याकाळी घरी बायको टेबलावर वह्या तपासत बसली होती. फोरमनने चहा केला, दोन कप आणून ठेवले आणि समोर बसला. सकाळचं सगळं तिला सांगितलं. धार कशी दिसली, गाव कसं दिसलं, अठ्ठावीस मिनिटं. ती ऐकत होती. मग तिने लाल पेन खाली ठेवलं, एका वहीचं शेवटचं कोरं पान उघडलं आणि म्हणाली, "टर्बोचं वजन किती?"

"थोडं जास्त आहे."

"अहो, थोडं म्हणजे किती? आकडा असतो ना त्याला."

त्याने सांगितलं. नुसतं इंजिन नव्हे, त्याच्याबरोबरचा हवा थंड करणारा कूलर, दुसरा पंप, जाड सांगाडा, मोठा प्रोपेलर, सगळं धरून एकोणतीस किलो जास्त.

तिने उभी मांडणी केली. अशा हलक्या विमानाचं सगळं मिळून वजन सहाशे किलोंच्या आत असलं पाहिजे, हा नियम तिला पाठ होता. साधं इंजिन धरून रिकामं विमान तीनशे अडुसष्ट. तुम्ही चौऱ्याऐंशी. मी सहासष्ट. भरलेल्या टाकीतलं इंधन अठ्ठावन्न. सामान आठ. बेरीज पाचशे चौऱ्याऐंशी. त्याखाली तिने अधिक एकोणतीस लिहिलं, रेघ ओढली आणि आकडा न लिहिता पान त्याच्याकडे फिरवलं, वर्गातल्या मुलाकडे फिरवावं तसं.

"सहाशे तेरा," फोरमन म्हणाला.

"तेरा जास्त. इंधन कमी करता येईल?"

"जाऊन यायचं तर नाही. धारेवर ढग आले तर परत खिंडीनेच यावं लागेल, आणि टर्बो पितं जास्त."

"म्हणजे मी त्रेपन्न किलोंची व्हायला हवी. लग्नात सुद्धा नव्हते मी त्रेपन्न किलोंची. फोटो काढून बघा हवं तर." ती हसली, पण ते हसू लगेच विरलं. "तुम्हाला हे माहीत होतं."

तो चहाचा कप जागच्या जागी फिरवू लागला.

"एकतीस वर्षं तुम्ही विमानांची वजनं काढताय. मला सांगा, तुम्हाला हे माहीत होतं की नाही?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

तो खरं तेच बोलला, कारण खोटं रचायचंही त्राण नव्हतं. "तुला सांगितलं की प्रश्न उभा राहणार. मला प्रश्न नको होता. दर पंधरा दिवसांनी तो घाट नको झालाय मला. एवढंच डोक्यात होतं."

बायकोने त्याच पानाच्या कोपऱ्यात एक छोटासा चौकोन काढला, त्यात आडव्या-उभ्या रेघा भरल्या. मग वही मिटली. "सात वर्षं माझी बोटं बधिर होईपर्यंत रिव्हेट मारले. विमानात मी एकटी काय ती जड झाले," ती म्हणाली. "आईंकडे तुम्ही जाताय, म्हणून मी भांडणार नाही. पण मला वाईट वाटलंय. ते वाटू द्या." आणि ती वह्या घेऊन आतल्या खोलीत गेली.

शनिवारी तो पुन्हा गाडीने निघाला. घाटात एक ट्रक आडवा झाला होता, त्यामुळे सातचे नऊ तास झाले. पोचला तेव्हा चिमीने दार उघडलं. तिच्या खांद्यावर ओला टॉवेल होता आणि केस चार दिवस विंचरले नसावेत असे दिसत होते.

"आलास? ये. चप्पल तिथेच काढ, आत्ताच पुसलंय."

आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर उशीचा अभ्रा घेऊन त्याच्या कडा चाचपत होती. फोरमन समोर जाऊन उभा राहिला. आईने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "नळवाले आलात का? किती दिवस निरोप देतेय. न्हाणीतला नळ गळतोय."

गेलं वर्षभर हे असंच चाललं होतं. पहिल्यांदा त्याला फार लागलं होतं. आता तो म्हणायचा, "हो आजी, बघतो," आणि खरोखर न्हाणीत जाऊन नळाचा वायसर बदलून यायचा. त्या घरातला नळ चांगला होता. तरी तो वर्षात अकरा वेळा दुरुस्त झाला होता.

रविवारी सकाळी आईला आंघोळ घालून, खाऊ घालून झाल्यावर चिमी जरा टेकली. फोरमनला वाटलं आता सांगावं. त्याने टर्बोचं सांगितलं, डॉक्टरच्या विमानातून काय दिसलं ते सांगितलं, बायकोच्या बेरजेचं मात्र गाळलं. "पन्नास मिनिटं, चिमे. सकाळी निघालो की चहाला इथे. दर आठवड्याला येईन."

चिमी भिंतीला डोकं टेकून ऐकत होती. तिने डोळे मिटले होते. त्याला वाटलं झोपली की काय.

"आणि चहा पिऊन?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"चहा पिऊन काय करशील?"

"बसेन. आईजवळ बसेन. मग दुपारी..."

"दुपारी परत जाशील. पन्नास मिनिटांत." ती आवाज न चढवता बोलत होती, भाजीचा भाव सांगावा तशी. "दादा, तू सात तासांनी येतोस की एका तासाने, मला काय फरक पडतो रे? तू येतोस तेव्हा मला तुझंही जेवण करावं लागतं. तू गेलास की आई दोन दिवस नळवाला कुठे गेला म्हणून दाराशी जाऊन बसते. मला लवकर येणारा माणूस नकोय. मला राहणारा माणूस हवाय."

फोरमनने खिशातली गाडीची किल्ली चाचपली.

"आईला घेऊन जाशील का त्यात?" तिने डोळे उघडून विचारलं.

"नाही. इतक्या उंचीवर तिच्या फुफ्फुसांना झेपणार नाही."

"मग झालं तर." ती उठली. "चार वर्षांत मी सलग पाच तास झोपलेले नाही. एवढंच सांगते. तुझ्या विमानाला मी नावं ठेवत नाही."

आतून आईची हाक आली आणि ती गेली. फोरमन त्या भिंतीकडे पाहत राहिला, जिथे तिचं डोकं टेकलं होतं. तिथे रंगावर एक तेलकट गोल डाग होता. रोज त्याच जागी डोकं टेकल्याशिवाय असा डाग पडत नाही.

त्या दिवशी तो परत निघाला नाही. त्याने आधी बायकोला फोन केला, मग क्लबात. एकतीस वर्षांत त्याची इतकी रजा साठली होती की क्लबच्या सेक्रेटरीने फक्त एवढंच विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" तो म्हणाला, "बरी आहे. थकलोय." हे वाक्य आपण कुणापुढे पहिल्यांदाच बोललो, हे फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं.

चिमीला त्याने तीन आठवड्यांसाठी आपल्या घरी पाठवलं. ती जायला तयार नव्हती. बसमध्ये बसेपर्यंत सूचना देत होती: गोळ्या या डब्यात, पांढरी जेवणाआधी, रात्री दिवा पूर्ण बंद करायचा नाही, पाणी कोमटच लागतं, आणि तिला "मी सांगितलं ना" असं म्हणायचं नाही, ती रडते. बस हलली तेव्हाही ती खिडकीतून गोळ्यांचं काहीतरी ओरडत होती.

बायकोने फोनवर कळवलं की चिमी आली, जेवली आणि झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा कळवलं की अजून झोपलेलीच आहे, मधे एकदा उठून पाणी प्यायली.

इकडे फोरमनला चौथ्या दिवशीच कळून चुकलं की विमानाच्या पोटाखाली सरपटणं हे आरामाचं काम आहे. आईला उठवायचं, बसवायचं, कपडे बदलायचे. घास भरवायला अर्धा तास, आणि तो गिळला की नाही हे पाहायला डोळ्यांत तेल घालून बसायचं. ती रात्री तीनदा उठायची. तिला आपल्या लहानपणच्या घरी जायचं असायचं. तो तिला हाताला धरून दारापर्यंत न्यायचा, तिथून परत आणायचा, आणि म्हणायचा, "पोचलो बघा." कधी तिला पटायचं, कधी नाही. एकदा वैतागून तो तिच्यावर खेकसला. ती मुकाट्याने खुर्चीत बसली आणि अभ्र्याच्या कडा चाचपू लागली. फोरमन न्हाणीत गेला, नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत बराच वेळ उभा राहिला.

दुसऱ्या आठवड्यात आईची आणि त्याची घडी बसली. ती त्याला नळवालाच समजत होती, पण आता घरचा नळवाला. "जेवलात का?" असं विचारू लागली. एकदा त्याचा काळवंडलेला अंगठा हातात घेऊन म्हणाली, "फार काम पडतं तुम्हाला." तो म्हणाला, "हो हो, पडतं थोडं." त्याला आईने असं विचारून कितीतरी वर्षं झाली होती.

महिनाअखेर याच काळात आली. दुपारी बायकोचा फोन आला. आई टॉवेलांच्या घड्या घालत होती. तो त्या मागून गुपचूप मोडत होता, म्हणजे तिला पुन्हा घालता याव्यात.

"कारखान्याला आज कळवायचंय," बायको म्हणाली. "काय कळवू?"

फोरमनने हातातला टॉवेल खाली ठेवला. गेले दोन आठवडे त्याने इंजिनाचा विचारच केला नव्हता, असं नव्हतं. आई झोपली की तो तेच उलटसुलट करत असायचा. हे टर्बो त्याने आईकडे येण्यासाठी मागितलं नव्हतं, इथून लवकर निघून जाण्यासाठी मागितलं होतं. हे त्याला आता स्वच्छ दिसत होतं आणि त्याची त्याला शरमही वाटत होती. शरमेइतकाच थकवा होता.

"साधं कळव," तो म्हणाला.

"नीट विचार केलात? मला वाईट वाटलं म्हणून नको."

"त्यासाठी नाही. म्हणजे, त्यासाठीही. पण आईला आपल्याकडे आणावं म्हणतोय. सगळं वर्ष नाही, सहा महिने. सहा महिने चिमीकडे. गाडीने, वाटेत एक मुक्काम करून, सावकाश."

फोरमनला पलीकडून वर्गातल्या मुलांची दुरून येणारी गडबड ऐकू येत होती. ती शाळेतूनच बोलत होती.

"मला दोन दिवस द्या," ती शेवटी म्हणाली. "इंजिनाचं आज कळवते. आईंचं दोन दिवसांनी सांगते. मी लगेच हो म्हटलं तर ते खोटं होईल."

दोन दिवसांनी तिने हो म्हटलं. दोन अटी घातल्या. तिच्या शाळेच्या वेळात मदतीला कुणीतरी ठेवायचं. आणि फोरमनने हँगरमध्ये जाऊन लपायचं नाही. हँगरचा दिवस रविवार, बाकी घर. "आणि हे बघा," ती म्हणाली, "चिमीने मला सगळं सांगितलं. ती झोपते कशी ते मी पाहिलं. मी आता तिला परत तशीच कशी पाठवू?"

अशा रीतीने साधं इंजिन आलं. पेटी उघडली तेव्हा ते इतकं छोटं दिसलं की क्लबातले लोक म्हणाले, "फोरमन, हे शिलाई मशीनचं तर नाही ना?" वाळूची पोती सुटली, नाक बसलं, आवरण बसलं. रविवारचाच दिवस हाताशी असल्याने जे काम दोन महिन्यांत झालं असतं, त्याला आठ लागले. मधल्या काळात आई आली, सहा महिने राहिली आणि परत गेली. ते सहा महिने सोपे नव्हते. बायकोची पाठ धरली. एकदा आई सकाळी घराबाहेर पडली आणि दोन रस्ते ओलांडून एका चांभाराच्या दुकानात जाऊन बसली. तो भला माणूस तिला पाणी देऊन सारखं विचारत होता, कोणती चप्पल द्यायची. फोरमन आणि बायको एकमेकांशी वर्षानुवर्षांत भांडले नव्हते तेवढे त्या सहा महिन्यांत भांडले. पण दोघांपैकी कुणी मागे फिरायची गोष्ट काढली नाही.

वसंतात विमान उडालं. चाचणीचे चाळीस तास फोरमन एकटाच उडाला, नियमच तसा होता. त्यानंतर बायको शेजारी बसली. भरलेली टाकी, सामानाची पिशवी, दोघांची पूर्ण वजनं, आणि तरी सहाशेला सोळा किलो शिल्लक. ती संपूर्ण वेळ पंखावरच्या रिव्हेटांच्या ओळीकडे पाहत होती. "ती तिसरी ओळ वाकडी आहे," ती म्हणाली. "ती तुमची आहे."

नऊ हजारांवर इंजिनाला दम लागायचा. डोंगराची धार समोर दिसायची आणि फोरमन तिच्या अलीकडूनच वळायचा. कधीकधी त्याला वाईट वाटायचं, नाही असं नाही. डॉक्टरचं विमान आपल्या डोक्यावरून धार ओलांडून जाताना दिसलं की तो मान वर करून ते ठिपक्याएवढं होईपर्यंत पाहत राहायचा.

पुढच्या पाळीला आईला सोडायला चिमी स्वतः आली. दोन दिवस राहणार होती. रविवारी सकाळी बायको म्हणाली, "आईंजवळ मी आहे. चिमीला फिरवून आणा." चिमी नको नको म्हणत होती; तिला उंचीची भीती होती, शिवाय आईच्या औषधांची यादी लिहून द्यायची राहिली होती. शेवटी तिला जवळजवळ ढकलूनच गाडीत बसवलं.

हँगरमध्ये फोरमनने तिला पट्टे बांधले, कानांवर हेडफोन चढवले. उडताना तिने त्याचं मनगट इतकं घट्ट धरलं की त्याला एका हाताने विमान उचलावं लागलं. हजारभर फूट वर गेल्यावर हवा शांत झाली. खाली नांगरलेली शेतं, एक कालवा, छपरांवर पडलेलं ऊन. इंजिन एका लयीत घुमत होतं.

"ते बघ, तिकडे आमचं घर," तो म्हणाला. "निळ्या टाकीच्या शेजारी. दिसलं का?"

उत्तर आलं नाही. त्याने वळून पाहिलं. चिमीचं डोकं काचेला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर उताणे पडलेले. त्याचं मनगट तिने कधी सोडलं ते त्याला कळलंच नव्हतं.

त्याने बेत केला होता धरणापर्यंत जायचा, तलावावरून एक फेरी मारायची, तिला डोंगर दाखवायचा. ते सगळं त्याने सोडून दिलं. इंजिनाचा जोर कमी केला, पंख जेमतेम कलतील एवढं मोठं वर्तुळ धरलं आणि गावावरून सावकाश फिरत राहिला. वळताना हादरा बसू नये म्हणून तो श्वासही जपून घेत होता. अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. रेडिओवरून क्लबातल्या माणसाने विचारलं, "फोरमन, सगळं ठीक? एकाच जागी फिरताय." त्याने हळू आवाजात सांगितलं, "सगळं ठीक. प्रवासी झोपलाय."

छोट्या फेरीपुरतंच भरलेलं इंधन राखीव रेषेकडे सरकू लागलं तेव्हा त्याने उतरायला घेतलं. एवढ्या वर्षांत इतक्या अलगद त्याने कधी चाकं टेकवली नव्हती. तरी टेकल्याचा आवाज झालाच. चिमी दचकून जागी झाली, इकडेतिकडे पाहू लागली.

"पोचलो का?"

"हो, पोचलो," तो म्हणाला.

तिने हनुवटी पुसली, केस मागे सारले आणि थोडा वेळ समोरच्या धावपट्टीकडे पाहत राहिली. मग विचारलं, "माझं बरंच काही पाहायचं राहिलं का रे?"

"फार काही नाही," फोरमन म्हणाला आणि विमान हँगरकडे वळवलं.